साळू कासारणीची बांगडी

दुसऱ्या कुठल्याही गावात जा आणि भर चौकात एखाद्या बाप्याला म्हणून बघा, "जा, बांगड्या भर." डोकी फुटतील, पिढ्यांची वैरं लागतील. आता कडेपिंपळात म्हणून बघा. तो माणूस सदऱ्याची बाही वर सारील आणि विचारील, "कासारीण घरी आहे का?" त्या गावात पाटील बांगडी भरतो, पैलवान भरतो, शाळेचा मास्तर भरतो, आणि भरल्यावर हात मिरवत वेशीपर्यंत जाऊन येतो. बाहेरगावचे हसतात. हसू देत बापडे. त्यांच्या गावात साळू झाली नाही, त्याला ते तरी काय करणार.

ऐका तर मग. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की आज गावाच्या उगवतीनं वाहणारी वाकडी नदी तेव्हा मावळतीनं वाहायची, असं म्हणतात.

त्या काळी कडेपिंपळात कासाराचं एकच घर होतं. घरात म्हातारी सासू, तिचा मुलगा गोविंदा आणि सून साळू. गोविंदा बांगड्यांचा मलार, म्हणजे दोरीत ओवलेली बांगड्यांची लांबच लांब माळ, खांद्यावर टाकून आज हा बाजार, उद्या तो बाजार करायचा. गावातल्या बायकांच्या हातात बांगड्या भरायचं काम घरच्या बायकांकडे होतं.

साळू लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं काडीइतकं येत नव्हतं. माहेर तांब्या-पितळेची भांडी घडवणारं. तिथं सगळं ठोकून वाकवायची सवय, आणि काच काही ठोकून वाकत नाही. पहिल्याच महिन्यात तिनं इतक्या बांगड्या वाढवल्या की विचारू नका. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. तर तिनं वाढवलेल्या बांगड्यांचा ओसरीखाली असा ढीग झाला, की सूर्य उगवला की समोरच्या भिंतीवर हिरवा-निळा उजेड पडायचा, असं म्हणतात. सासू रोज कपाळावर हात मारून घ्यायची.

शेवटी एक दिवस सासूनं तिला समोर बसवलं. म्हणाली, "पोरी, बांगडी आपल्या हातानं वाढत न्हाई, समोरचीच्या हातानं वाढती. मूठ आवळली की हाड वर येतंय. म्हणून तिला बोलत ठेव. माहेरचं इचार, म्हशीचं इचार. बोलता बोलता हात सैल पडतोय, तेवढ्यात सारायची."

साळूनं हे पदराला गाठ मारून ठेवलं. बाई समोर बसली की तिचा हात हातात घ्यायचा, "हात सैल सोड गं" म्हणायचं आणि गोष्टींना लागायचं. वर्षभरात तिचा हात असा बसला, की एखादीची नणंदेबद्दलची एक कागाळी सांगून होईपर्यंत डझनभर बांगड्या मनगटात गेलेल्या असायच्या. पंचक्रोशीतून बोलावणी येऊ लागली. साळूचा हात लोण्याचा आहे, असं लोक म्हणू लागले. साळूलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोला.

पण रोज माणसाचा हात हातात धरून बसलं की हात बोलायला लागतात. एखादी सांगायची, सासरी सगळं बेस आहे, आणि सांगताना तिच्या अंगठ्याचं हाड खड्यासारखं वर यायचं. दुसरी नवऱ्याला शिव्यांची लाखोली वाहायची, पण तिचा हात झोपलेल्या लेकरासारखा पडून असायचा. तोंड एक सांगतंय आणि हात दुसरंच, हे साळूला कळत होतं. कळायचं आणि ती पोटात ठेवायची. आपलं काम बांगड्या भरायचं, असं तिला वाटायचं.

आणि तिथंच ती चुकली.

गावात लिंबाजी कुंभार होता, त्याची लेक मैना. नावासारखीच बडबडी. चाकावरच्या मडक्याशीसुद्धा बोलायची. तिचं लग्न घाटापलीकडच्या एका तालेवार घरी ठरलं. लिंबाजीला आभाळ ठेंगणं झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला साळूला बोलावणं आलं. सवाष्णी जमल्या, हळदीच्या बोटांनी पाट मांडला, मैना येऊन बसली. साळूनं तिचा हात धरला. मूठ अशी वळलेली, की अंगठा तळव्यात रुतलेला.

पहिली बांगडी वाढली. चुड्याची बांगडी वाढणं म्हणजे अपशकुन. दुसरीही वाढली. दारात उभ्या लिंबाजीचं तोंड पांढरं पडलं. साळूला लख्ख कळलं, की या पोरीला हे लग्न नको आहे. जगात हे दोघींनाच ठाऊक होतं, मैनाला आणि साळूला.

मग साळूनं काय केलं? आपली कला दाखवली. ती मैनाच्या कानाशी वाकली आणि चिंचेवरच्या झोक्याच्या गोष्टी सांगू लागली. लहानपणी मैनानं मातीचा पोपट केला होता आणि त्याला खरोखरच डाळ घातली होती, त्याची आठवण काढली. मैनाला हसू आलं. त्या हसण्यात तिचा हात सैल पडला, आणि सैल पडला तसा साळूनं दोन्ही हातांत एकवीस-एकवीस हिरव्या बांगड्यांचा चुडा भरून टाकला. साळूनं कुंभाराची अब्रू राखली, असं सगळे म्हणाले. लिंबाजीनं नारळ-खणावर पायलीभर गहू जास्त दिले.

वर्षानं मैना परत आली. एकटी, पायी, घाट उतरून. नवरा जिवंत असून मनगटं मोकळी. सासरी काय झालं ते गावाला कधी कळलं नाही. तिच्या पाठीवर काय होतं, ते आईनं न्हाऊ घालताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. मैना कोणाशी एक शब्द बोलेना. मडक्यांशीही बोलेना.

साळू तिला भेटायला गेली. जाताना हिरव्या बांगड्या घेऊन गेली. शेजारी बसून तिनं मैनाचा हात हातात घेतला. मैना तिच्याकडे बघून म्हणाली, "काकी, माझ्या हातानं तुला सांगितलं हुतं ना?"

एवढंच बोलली. आणि तिनं तोंड मिटलं, ते दोन वर्षं उघडलं नाही. वैदू झाले, देवरुषी झाले, मुळ्या उगाळून पाजल्या. काही उपयोग झाला नाही.

साळू घरी आली, मलार खुंटीला टांगला आणि ओसरीवर बसून राहिली. आठ दिवस तिनं कोणाच्या हाताला हात लावला नाही. बायका यायच्या आणि तशाच परत जायच्या. सासू करवादली. गोविंदा बाजाराहून आला, त्यानं बायकोचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता शेजारी बसला. तसा तो गरीब गाय होता, पण शहाणा.

नवव्या दिवशी भर दुपारी साळू उठली. तिनं आपल्या मापाहून लहान अशी एक हिरवी बांगडी काढली आणि आपल्याच डाव्या हाताशी धरली. तिनं स्वतःला विचारलं, हे काम सोडून देऊ का? मूठ वळली आणि बांगडी वाढली. दुसरी घेतली. विचारलं, पूर्वीसारखं बोलण्यात गुंगवून भरत राहू का? तीही वाढली, आणि काच अंगठ्यात शिरून रक्त आलं. मग तिनं तिसरी घेतली आणि विचारलं, हात जे सांगतो ते ऐकू का, आणि ज्याचं त्याला परत करू का? तिचा हात असा सैल पडला, की ती एवढीशी बांगडी हाडं ओलांडून आपण होऊन मनगटावर जाऊन बसली. पुढं जन्मभर ती तिच्या हातात होती. जात्यावर दळताना नाही वाढली, विहिरीवर नाही वाढली, साळू एकदा छपरावरून पडली तेव्हा पाय मोडला पण बांगडी नाही वाढली, असं म्हणतात.

आपण कशासाठी जन्माला आलो, हे माणसाला असं कळतं. साळूला ते बांगडीनं सांगितलं.

त्या दिवसापासून तिचं बोलणं बदललं. आधी ती समोरचीला विसर पडावा म्हणून बोलायची. आता आठवण व्हावी म्हणून विचारायची. बांगडी अडली की ती हात आवरायची. "कुठं अडलंय गं?" एवढंच म्हणायची आणि वाट बघायची. वाट बघण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सकाळच्या धारा काढल्यापासून गुरं परत येईपर्यंत एका बाईसमोर ती बसून राहिली आहे. बाई आधी बांगडीचं बोलायची, मग सुनेचं, मग मुलाचं, आणि मग जे बोलायचं होतं ते बोलायची.

सगळं बोलून झालं की प्रत्येकीचा एकच प्रश्न असायचा, मग मी काय करू? आणि साळूचं एकच उत्तर. "हात तुझा हाय, बाई. म्या नुसता धरलाय."

काहीजणी चिडायच्या. देवरुषी दोन पैशांत सांगतो, हिच्याकडे दिवस मोडून उत्तर नाही, म्हणून तणतणत निघायच्या. वेशीजवळ एक बसका धोंडा आहे. तिथपर्यंत जायच्या आणि थबकायच्या. आपल्याला काय हवं आहे ते तिथं त्यांच्या एकदम ध्यानात यायचं. मग तोंड फिरवून परत यायच्या आणि साळूसमोर हात धरायच्या. बांगडी सुळकन जायची. त्या धोंड्याला अजून उमजधोंडा म्हणतात.

विधवा बायांच्या बांगड्या गावानं बंद केल्या होत्या. साळूनं त्यांचा हात धरणं काही बंद केलं नाही. त्यांना ती बांगडी भरायची, बोलणं संपलं की हलकेच काढून घ्यायची, आणि कोणी नाक मुरडलं तर त्याच्याकडे नुसती बघायची.

पुरुषमाणूस मात्र तिच्या ओसरीकडे फिरकत नव्हता. फिरकेल कसा? पहिला आला तो म्हस्कू पैलवान. बैलाची वेसण धरून बैल जागच्या जागी बसवणारा गडी. आला तो बायका नदीवर गेलेल्या बघून, तोंडावरून घोंगडं घेऊन, आणि एवढं धूड घोंगड्यात लपेल असं त्याला कशानं वाटलं देव जाणे. त्याला एका संस्थानाच्या तालमीतून बोलावणं आलं होतं. दूध-तुपाची चंगळ, वर्षाला पोशाख. पण घरी आंधळी आई. जावं तर आई मागं राहते, राहावं तर अंगातली ताकद कुजते. महिनाभर त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता.

साळूनं घरातली सगळ्यांत मोठी बांगडी काढली. जाऊ म्हणाला, बांगडी वाढली. राहू म्हणाला, बांगडी वाढली. म्हस्कू घामाघूम झाला. मग तिनं विचारलं, "हे तू तुझ्या आयला इचारलंस का रं?"

म्हस्कूनं विचारलं नव्हतं. आईला काय वाटेल याचा त्यानं महिनाभर विचार केला होता, पण आईला विचारलं नव्हतं. तो उठला, घरी गेला आणि विचारलं. म्हातारी म्हणाली, मी कधीची वाट बघतेय, मला तुझी कुस्ती कधी दिसली नाही, पण लोकांचा गलका तरी ऐकू दे, मला संगं ने. म्हस्कू परत आला तो घोंगडं घरीच टाकून. बायका नदीवरून आल्या होत्या, सगळ्यांच्या देखत तो ओसरीवर बसला आणि त्यानं हात पुढं केला. तो परातीएवढा पंजा बांगडीतून तेल लावल्यासारखा गेला. सगळं गाव फिदीफिदी हसलं. म्हस्कू बांगडीचा हात वर करून गावातून चालत गेला. आईला घेऊन संस्थानात गेला आणि तीन वर्षं त्याची पाठ कोणी जमिनीला लावली नाही. आखाड्यात उतरताना तो लंगोट कसायचा, माती कपाळाला लावायचा आणि मनगटावरची हिरवी बांगडी आईच्या हातात ठेवायचा, असं म्हणतात. सुगीला आणि सणाला मात्र तो न चुकता गावी यायचा.

त्यानंतर पुरुषांची भीड चेपली. सगळ्यांची नाही. रावजी पाटलाची तर नाहीच. पाटील मोठा करारी. मिशीला पीळ आणि शब्दालाही. रीत म्हणजे रीत, असं त्याचं. गावातल्या बाप्यांच्या मनगटात बांगड्या बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि मग तो दिवस उगवला, ज्यासाठी ही गोष्ट सांगायची.

सुगीच्या तोंडावर मैनाचा सासरा दहा माणसं आणि बैलगाडी घेऊन आला. त्याच्या घरात कामाला हात कमी पडत होते. आमची सून आम्हाला द्या, नांदायला धाडा, असं त्यानं चावडीवर येऊन सांगितलं. पंच बसले. लिंबाजी हात जोडून उभा राहिला आणि पंच म्हणतील तसं, म्हणाला. पोरीची जागा सासरी, यावर पंचांचं दुमत नव्हतं. गाडी जुंपलेलीच होती. त्या गाडीतून मैना गेली तर पुन्हा जिवंत दिसायची नाही, हे चावडीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकजणही बोलत नव्हता. मैना भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोन्ही मुठी आवळलेल्या.

तेव्हा साळू चावडीची पायरी चढली. त्याआधी ती पायरी कोणी बाई आपण होऊन चढली नव्हती, असं म्हणतात. ती म्हणाली, "पाटील, एक इचारायचं ऱ्हायलंय."

"काय?"

"पोरीला."

मैनाचा सासरा खो खो हसला. म्हणाला, या गावाचं ऐकलं होतं ते खरंच म्हणायचं. इथं न्याय कासारीण करते. मग पंचांनी फेटे कशाला बांधलेत, त्यांनी बांगड्या भराव्यात. त्याची दहा माणसंही हसली.

सगळ्यांनी पाटलाकडे पाहिलं. पाटलाचा हात मिशीवर गेला आणि तिथंच थांबला. आता तलवार निघते, असं लोकांना वाटलं. पाटलानं पाहुण्याकडे पाहिलं, साळूकडे पाहिलं. मग त्यानं अंगरख्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात साळूपुढं केला.

"भर," तो म्हणाला.

साळूनं त्याचा हात धरला. तिनं बांगडी लावली आणि विचारलं, मैनानं नांदायला जावं? पाटील खणखणीत आवाजात म्हणाला, "जावं. रीत हाय." बांगडी वाढली. साळूनं दुसरी घेतली, पुन्हा तेच विचारलं. पाटलानं तेच सांगितलं. दुसरी वाढली. तिसरी वाढली. पाहुणे हसायचे थांबले. पाटलाच्या पायाशी हिरव्या काचा पडल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

साळू म्हणाली, "रीत बाजूला ठिवा, पाटील. तिला गाडीत बसवायला तिचा हात तुमी धराल का?"

तेव्हा पाटलानं मैनाकडे पहिल्यांदा पाहिलं. सकाळपासून तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि तिच्याकडे त्यानं पाहिलं नव्हतं. त्या आवळलेल्या मुठी त्याला दिसल्या. पाटलाची मान खाली गेली.

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्यानं धरवणार न्हाई."

आणि तलवारीच्या मुठीनं घट्टे पडलेल्या त्या हातात बांगडी कशी गेली, ते कोणाला दिसलंसुद्धा नाही. पाटील उठला. बांगडीचा हात त्यानं सगळ्यांना दिसेल असा वर धरला. पंचांचं काम संपलं, आता पोरगी सांगेल ते गाव ऐकेल, असं त्यानं सांगितलं.

साळू मैनासमोर जाऊन बसली. आता ही मैनाचा हात धरणार, असं सगळ्यांना वाटलं. साळूनं बांगडी आपल्या उघड्या तळव्यावर ठेवली आणि हात पुढं केला. सगळ्या गावादेखत ती म्हणाली, "मैना, तुझा हात म्या धरणार न्हाई. एकदा धरला आन्‌ तुला फशिवलं. तुझा हात सांगत हुता, म्या ऐकून ऐकलं न्हाई. ही बांगडी हितं हाय. घालायची तर तू घाल, न्हाई तर ऱ्हाऊ दे."

गाडीच्या बैलांनी मान हलवायची थांबवली, असं म्हणतात. मैनाची उजवी मूठ हळूहळू उघडली. तळव्यात नखांच्या खुणा होत्या. तिनं बांगडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि आपल्या हातानं आपल्या मनगटात घातली. हो की नाही, कोणालाच कळेना. मग मैनाचे ओठ हलले. आवाज दोन वर्षांचा गंजलेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मी जाणार न्हाई. मी काकीसंगं बांगड्या भरीन."

ती बोलली आणि त्या क्षणी गावातल्या झाडून साऱ्या बायकांच्या हातांतल्या बांगड्या आपण होऊन वाजल्या. चुलीपाशी वाजल्या, नदीवर वाजल्या, कोसभर लांब शिवारात कापणी करणाऱ्या बायकांच्या हातांत वाजल्या, आणि त्यांनी विळे खाली टाकून गावाकडे पाहिलं, असं म्हणतात.

पाहुणे रिकामी गाडी घेऊन गेले. वेशीत उमजधोंड्यावर सुगीसाठी गावी आलेला म्हस्कू पैलवान बसला होता. नुसता मनगटातली बांगडी फिरवत होता. पाहुण्यांनी बैल जरा जोरातच हाकले.

मैना साळूच्या हाताखाली शिकली. साळूला मूलबाळ नव्हतं, मैना तिची लेक झाली. कुंभाराची पोर कासारणीच्या ओसरीवर बसली, तरी गावात कोणी ब्र काढला नाही. पाटलाच्या हातात बांगडी असताना कोण काढणार? दोघींनी मिळून किती माणसांचे हात धरले त्याची गणती नाही. दूरदूरहून गाड्या यायच्या. तिढा घेऊन माणसं यायची आणि आपलं आपण सोडवून जायची. जाताना साळूचे आभार मानायचीसुद्धा विसरायची, कारण उत्तर आपलंच होतं असं त्यांना वाटायचं. साळूला याचंच फार कौतुक होतं.

साळू पुष्कळ जगली. नव्वदी उलटली असेल. शेवटी अंथरुणाला खिळली, पण प्राण जाईना. वैद्य म्हणाला, कशात तरी जीव अडकलाय. मैना तिच्या उशाशी बसली. तिनं साळूचा हात हातात घेतला. हाताची मूठ वळलेली होती. मैनानं तिला चिंचेवरच्या झोक्याच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. तिनं विचारलं, "काकी, कुठं अडलंय?"

साळूनं डोळे उघडले. म्हणाली, "तू मला माफ केलंस का, ते इचारायचं ऱ्हायलं."

मैना हसली. तिनं आपला हात साळूच्या हातात दिला. तिचा हात कसा होता, ते साळूनं धरून पाहिलं. तो सैल होता. कसाही ठेवला तरी तसाच राहील, इतका सैल. साळूची मूठ उघडली, आणि जन्मभर न वाढलेली ती एवढीशी हिरवी बांगडी तिच्या मनगटावरून घरंगळून मैनाच्या ओंजळीत आली. तेव्हा साळू गेली होती.

तिच्या तेराव्याला सगळं गाव जेवलं आणि कडेपिंपळच्या प्रत्येक बाप्यानं त्या दिवशी बांगडी भरली. शंभरी ओलांडलेला रावजी पाटील सगळ्यांत पुढं होता, असं म्हणतात.

आता वाकडी नदी उगवतीनं वाहते. गावात डांबरी रस्ता आला, बँक आली, मुली कॉलेजला जातात. पण साळूची ओसरी आहे. तिथं कोण बसणार, ते गाव ठरवत नाही. जिला बसायचं असेल तिनं आधी लहान मापाची बांगडी घेऊन स्वतःचा हात स्वतः धरायचा. कुठल्या जातीची, लग्नाची की बिनलग्नाची, कोणी विचारत नाही. दहावीचा निकाल लागला की ओसरीवर पोरांची रांग लागते. कोणाला आयटीआय करायचं असतं आणि बापाला सायन्स हवं असतं. बापालाही हात पुढं करावा लागतो. ओसरीवरची बाई विचारते, थांबते आणि सांगत काहीच नाही.

आणि चुडा भरताना कडेपिंपळात पहिली बांगडी कासार भरत नाही. ती नवरीच्या उघड्या तळव्यावर ठेवतात. तिनं ती आपल्या हातानं घातली तर पुढचा चुडा भरायचा. तिनं ताटात परत ठेवली तर मांडव उतरवायचा, पंगत मात्र वाढायची, आणि साळूच्या नावानं सगळ्या गावानं जेवून उठायचं. पोरीला कोणी कारण विचारायचं नाही.

हे मात्र नुसतं म्हणतात असं नव्हे, हे पाहिलेली माणसं आहेत. चार-पाच वर्षांपूर्वी पाटलाच्याच वंशातल्या एका पोरीनं चुड्याच्या दिवशी बांगडी ताटात परत ठेवली. दारात मांडव, बाहेर बँडवाले, आचाऱ्यानं जिलबीचा घाणा टाकलेला. सगळे तिच्या बापाकडे बघायला लागले. बाप उठला. पंगत बसवा, म्हणाला, आणि पहिली जिलबी आपल्या हातानं लेकीला वाढली. मग तो ओसरीकडे गेला. तिथं त्या दिवशी एक तरणी बाई बसली होती. त्यानं सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पुढं केला. म्हणाला, "मला भर गं. आता पाव्हण्यांना सांगायला जायचंय, आन्‌ हात कापतोय."

तिनं त्याचा हात हातात घेतला.

"हात सैल सोडा, दादा," ती म्हणाली.